ठकीच्या पायाचं देणं

जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक नावाचं एक पद असतं. जखमा धुणं, मलमपट्टी करणं, डॉक्टर तपासत असताना जनावर धरणं, उपकरणं उकळून ठेवणं, अशी त्याची कामं. गावात हा शब्द कुणी वापरत नाही. कुणी कंपाउंडर म्हणतं, बहुतेक जण नुसतं मामा म्हणतात. अशाच एका मामांचं आमच्या घरावर ऋण आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. ते हयात आहेत, आणि आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही. पण त्यांनी काय केलं ते कागदावर यायला हवं, कारण ज्या शेळीसाठी त्यांनी ते केलं ती आता नाही आणि त्या शेळीला लेकरासारखं वाढवणारी आमची आत्याही नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात, नीरा नदीच्या दक्षिणेला. जमीन थोडी, तीही बरीचशी पावसाच्या भरवशावरची. आत्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती कायमचीच. दारात दोन-तीन शेळ्या नेहमी असत. उस्मानाबादी जातीच्या, काळ्याभोर. त्यांचा सगळा कारभार आत्याकडे. बोकड लोणंदच्या बाजारात जायचे, त्या पैशांतून आमची वह्या-पुस्तकं यायची. जनावर विकताना आत्याला रडताना कधी कुणी पाहिलं नाही. शेळी ही पोटासाठी पाळायची असते हे ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जाणून होती.

ठकीची गोष्ट वेगळी झाली ती परिस्थितीमुळे. तिची आई जुळं व्याली आणि दुसऱ्या दिवशी गेली. चीक तेवढा दोन्ही करडांच्या पोटात गेला होता. त्यातलं नर करडू चार दिवसांत दगावलं, राहिली ती ठकी. दुसरी शेळी तिला अंगाला लावून घेईना. मग आत्याने बाटलीला बूच लावून शेजारच्या गाईचं दूध थोडं-थोडं, दिवसातून अनेकदा पाजलं. रात्री करडू गारठू नये म्हणून गोणपाटात गुंडाळून स्वतःच्या अंथरुणाशेजारी ठेवलं. अशा वाढलेल्या जनावराला कळपाची खूण उशिरा पटते. ठकी आत्याच्या मागे पाणवठ्यावर जायची, भाकरी थापताना चुलीपासून हातभर अंतरावर बसायची, आणि आत्या दिसली नाही तर सगळी आळी जागी होईल असं ओरडायची.

2008 साली ज्येष्ठात, ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला होती त्या दिवशी, रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. एक मोटरसायकल ठकीच्या पुढच्या डाव्या पायावर गेली. गुडघ्याखालची नळी मोडली. कातडी फाटून हाडाचं टोक दिसत होतं. शेजारचे एक वडीलधारे धावत आले, त्यांनी बांबूच्या कामट्या लावून सुतळीने पाय करकचून बांधला. रक्त थांबावं या चांगल्या हेतूनेच बांधला. दुपारपर्यंत खूर गार पडायला लागला.

पारावरची माणसं जे बोलली ते दुष्टपणे बोलली नाहीत. तीन पायांची शेळी चरायला जाऊ शकत नाही, बसून खाणारं जनावर परवडत नाही, औषधाला लागणारा पैसा तिच्या किमतीच्या वर जाईल, आणि जखम चिघळली तर खाटीकसुद्धा घेणार नाही. म्हणून आजच द्या. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, आणि गरिबाला हा हिशेब करावाच लागतो. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आधी तिला दवाखान्यात न्या. मग बघू."

मी तेव्हा डी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी होते. धाकट्या भावाने मोटरसायकल काढली. ठकीला पोत्यात घालून, मान बाहेर ठेवून, मी मांडीवर घेतलं. पालखीची वर्दळ चुकवत आम्ही शेतांमधल्या वाटेने गेलो.

दवाखान्यात डॉक्टर नव्हत्या. पालखीतल्या बैलांच्या तपासणीसाठी त्यांना लोणंदला जावं लागलं होतं. मामा एकटेच होते. पन्नाशीचे, सडपातळ, खाकी पँटवर पांढरा शर्ट. ठकीला बघून त्यांनी "शेळी कुणाची", "केवढ्याची" असलं काही विचारलं नाही. आधी तिच्या कानाला हात लावून पाहिला, मग खुराला. मग कात्री घेतली आणि सुतळी कापली.

"लई आवळलंय. रक्त खाली जायला वाटच न्हाई ठेवली," एवढंच बोलले. बांधणाऱ्याला नाव ठेवलं नाही.

त्यानंतरचा तासभर मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांनी उकळून गार केलेल्या पाण्यात लाल औषधाचे कण टाकले. पाणी फिकट गुलाबी झाल्यावरच वापरलं. गडद झालं तर मांस भाजतं, म्हणाले. जखमेभोवतीचे केस कातरले. आत अडकलेले खडे, लेंडीचे कण, पोत्याचे धागे चिमट्याने एकेक काढले. ठकी कळवळली की थांबायचे, तिच्या गळ्याखाली खाजवायचे, पुन्हा लागायचे. मग कापसाचा जाड थर, त्यावर सैल पट्टी, आणि तीच बांबूची कामटी, पण कापडात गुंडाळलेली, गुडघ्याच्या वरपासून खुराच्या जवळपर्यंत. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा दोन्ही हलता कामा नयेत, नाहीतर बांधून उपयोग नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी म्हटलं, "मामा, दुखायचं थांबेल असं इंजेक्शन द्या ना." त्यांनी मान हलवली. "सुई मॅडमच्या हातची. आपलं काम धुवायचं आणि बांधायचं." जनावरांवर कुणी उपचार करायचे याचा 1984 चा कायदा आहे. नोंदणी झालेल्या पशुवैद्यकानेच ते करायचे, बाकीच्यांनी त्याच्या देखरेखीखाली ठरवून दिलेली लहान कामं करायची. मामांना कलम पाठ नव्हतं, पण आपली हद्द पाठ होती. गावोगाव पिशवीत सुया घेऊन फिरणारे लोक आम्ही पाहिले होते. हा माणूस आयुष्यभर औषधांच्या कपाटाशेजारी वावरूनही कपाटाला हात लावत नव्हता. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तिथे.

दवाखान्याची वेळ संपली. मामा घरी गेले नाहीत. ठकी कुशीवर कलंडायची, आणि ते तिला प्रत्येक वेळी उचलून छातीवर बसवायचे, बाजूला पेंडीची गोणी टेकण म्हणून लावायचे. शेळी बराच वेळ आडवी पडली की पोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगतं, आणि पाय मोडलेली शेळी पायाने न मरता पोटाने मरते. हे सांगून त्यांनी तिच्या डाव्या भकाळीवर हात ठेवायला मला शिकवलं. आतलं पोट हाताखाली हळूच वर येऊन खाली जातं ते मी मोजत बसले.

अंधार पडता पडता डॉक्टर आल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, गळ्यात पाण्याची बाटली. वयाने माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. पहिलीच नेमणूक. त्या मुंबईच्या परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या. ते कॉलेज 1886 पासूनचं. दिनशा पेटिट यांनी जनावरांसाठी दिलेल्या इस्पितळाच्या आधाराने सुरू झालेलं; त्या इस्पितळाला आजही त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव आहे. परळच्या त्या आवारातून निघालेली विद्या एकशे बावीस वर्षांनी आमच्या ठकीपर्यंत पोहोचली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

डॉक्टरांनी पाय धुतले आणि तशाच खाली बसल्या. एक बारीक सुई घेऊन ठकीच्या खुराच्या दोन नख्यांमध्ये टोचली. ठकीने पाय झटक्याने ओढला. डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं. "पाय जिवंत आहे. वेळेत सोडलंत तुम्ही." मग धनुर्वाताची सुई, जखम पिकू नये म्हणून एक, आणि वेदनेची एक.

वेदनेच्या सुईवरून एक बोलणं झालं, ते लिहिण्यासारखं आहे. माझा भाऊ म्हणाला, औषधाच्या दुकानात डायक्लोफेनॅक मिळतं, ते आणू का? डॉक्टर एकदम ठामपणे नाही म्हणाल्या. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक सरकारने 2006 साली बंद केलं होतं, आणि माणसांचं आणून जनावराला टोचणं म्हणजे तेच विष मागल्या दाराने आणणं. ते औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्या बंदीच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत देशातली गिधाडं त्यापायी जवळजवळ संपली. त्यांनी मेलॉक्झिकॅम दिलं, ते गिधाडांना बाधत नाही. आत्याला हे घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ओढ्याच्या कडेला ढोर टाकलं की पूर्वी आभाळ भरून गिधाडं उतरायची, हल्ली कुत्रीच दिसतात, ती कुठं गेली ते आज कळलं.

हाड नीट बसवायचं तर क्ष-किरणांचा फोटो काढायला हवा होता, आणि ते यंत्र शिरवळला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. आमच्या गावातून पहाटे दूध गोळा करणारा टेंपो शिरवळकडे जायचा. चालकाने कॅनच्या मध्ये जागा केली, भाडं घेतलं नाही, आणि खड्डा आला की गाडी हळू करून मागे वळून बघायचा. त्याचंही देणं आहेच. त्या वेळी आत्या बरोबर आली. गावाबाहेर सहसा न जाणारी बाई, नऊवारीचा पदर कमरेला खोचून, कॅनना पाठ टेकून बसली होती.

शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय 1988 चं, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं. पाटीवरचं नाव मी वाचून दाखवलं तेव्हा आत्या हात जोडून उभी राहिली. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना भाकरी पोहोचवल्या होत्या. "मग हितं आपलं काम व्हणार," म्हणाली. तो भरवसा तिला पाटीवरच्या नावाने दिला, आणि आतल्या माणसांनी तो खोटा ठरवला नाही.

क्ष-किरणांच्या फोटोत नळीचे दोन तुकडे दिसत होते, चुरा झालेला नव्हता. सर विद्यार्थ्यांना सांगत होते. तरुण शेळीचं हाड चार ते सहा आठवड्यांत धरतं. शेळीला भुलीचं औषध फार जपून द्यायचं, घोड्याच्या मानाने तिला अगदी थोडं पुरतं. जागा बधिर करायचं औषधही मोजूनमापूनच. एक विद्यार्थी ठकीचं डोकं घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवून, तोंड खालच्या बाजूला उतरतं धरून बसला होता, लाळ आणि पोटातलं काही वर आलं तर फुप्फुसात न जाता बाहेर पडावं म्हणून. शेवटपर्यंत त्याने बूड हलवलं नाही. आत्याने त्याला विचारलं, "कुठला रं पोरा तू?" तो म्हणाला, "अकोल्याचा, आजी." आत्याने कनवटीची पन्नासची नोट त्याच्या हातात कोंबली, त्याने ती तिच्याच पिशवीत परत टाकली, आणि सगळा वर्ग हसला.

पाय ओढून हाडाची टोकं जुळवली. कापूस, त्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या, मध्ये बांबूच्या कांबी. खुराचं टोक उघडं ठेवलं, सूज आली तर दिसावी म्हणून. आणि जखमेच्या जागी प्लास्टर कापून चौकोनी खिडकी केली. त्या खिडकीतून रोज जखम धुवायची होती. सर म्हणाले, हाडाचं आम्ही केलं, आता पाय वाचणार की नाही हे या खिडकीवर आहे.

आणि ती खिडकी मामांनी सांभाळली. ठकीला रोज दवाखान्यात आणलं तर धक्क्यांनी हाड सरकेल, म्हणून डॉक्टरांनी त्यांना घरी जाऊन पट्टी करायला सांगितलं. कामाची वेळ संपल्यावर ते लुनावरून यायचे. वाटेवरच घर आहे, म्हणायचे. त्यांचं घर नेमकं उलट दिशेला आहे हे आम्हाला पुष्कळ नंतर, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

पाऊस सुरू झाला होता आणि माशा वाढल्या होत्या. एका संध्याकाळी ठकी सारखी पाय आपटत होती, खाणं सोडलं होतं. मामांनी ओट्यावर चढायच्या आधीच वास घेतला. "आळ्या पडल्या." भारनियमन होतं, घरात अंधार. आत्याने कंदील धरला, भावाने विजेरी, मी ठकीचं डोकं. मामांनी टर्पेंटाइनचा बोळा खिडकीच्या तोंडाशी धरला. आळ्या बाहेर यायला लागल्या की चिमट्याने उचलून रॉकेलच्या वाटीत टाकायच्या. खोलवरच्या येईनात. मग पुन्हा बोळा, पुन्हा वाट पाहायची. वास असा की माझ्या भावाला दोनदा बाहेर जावं लागलं. मामांचं तोंड जखमेपासून वीतभर अंतरावर होतं. एकही राहिली तर उद्या शंभर दिसतील, म्हणाले, आणि सगळी जखम पुन्हा पुन्हा तपासली. मग धुतली, भोवती माशी न बसणारं औषध लावलं, पट्टी केली. फोन करून डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्या सकाळी येऊन सुई देऊन गेल्या. मामा गेले तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि पाऊस पडत होता.

त्या रात्री आत्याने त्यांच्यापुढे पैसे ठेवले. मामा म्हणाले, "आक्का, सरकार मला पगार देतं तो ह्याचाच." ती ऐकेना तेव्हा त्यांनी सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा दोन ओंजळी रुमालात बांधून घेतल्या.

त्या काळात मला एक गोष्ट लक्षात आली. ठकीचा केसपेपर माझ्याकडेच असायचा. त्यावर मालकाचं नाव, गाव, जनावराचा प्रकार, वय, रंग, लक्षणं, उपचार असे रकाने होते. किंमत हा रकाना नव्हता. घरापासून पारापर्यंत सगळ्यांनी ठकीची किंमत काढली होती. दवाखान्यात, शिरवळला, मामांच्या तोंडून, कुठेही तो प्रश्न आला नाही. ज्या शेळीला बाजारात हजार-दीड हजारसुद्धा आले नसते तिच्यासाठी एक यंत्र चाललं, वर्गभर मुलं उभी राहिली, आणि एका माणसाने आपल्या संध्याकाळी दिल्या. केसपेपरचं शुल्क नाममात्र होतं. बाहेरून आणावी लागलेली औषधं तेवढी आमच्या खर्चाची. सरकारी दवाखान्यांबद्दल वाईट बोलण्यासारखं पुष्कळ असतं, आणि लोक ते बोलतात. मी मात्र हे पाहिलेलं आहे.

प्लास्टर काढल्यावर ठकी पाय टेकायला घाबरत होती. मामांनी तिला भुसभुशीत मातीत उभं केलं आणि शेवरीचा डहाळा तिच्या तोंडापासून दोन पावलं दूर धरला. ती तीन पायांवर उडी मारून गेली. पुन्हा दोन पावलं. बऱ्याच वेळाने, पाल्यापर्यंत मान पुरेना तेव्हा, तिने चौथा पाय टेकवला. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने काही न बोलता आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

पुढे ठकी पाचदा व्याली, बहुतेक वेळा जुळी. थंडीत किंचित लंगडायची. तिच्या पहिल्या वेताचं दूध आत्याने तांब्यात घालून मामांच्या घरी पोहोचवलं. दिवाळीला फराळ, सुगीला शेंगा आणि ज्वारीची कणसं, त्यांच्या मुलीच्या लग्नात आत्याने भरलेली ओटी, असं येणंजाणं होत राहिलं. आत्या गेली तेव्हा मामा दहाव्याला घाटावर आले होते. नात्यातल्या माणसांच्या मागे उभे राहिले आणि पिंडाला कावळा शिवल्यावर गेले. ठकी त्याच्यानंतर दोन वर्षांनी म्हातारपणाने गेली. तिला आम्ही विकलं नाही, शेताच्या बांधाला पुरलं.

डॉक्टरांची बदली झाली, आता त्या विदर्भात आहेत. मामा निवृत्त झाले. त्यांच्या दवाखान्यात त्यांची जागा कितीतरी काळ भरलीच गेली नाही. गेल्या खेपेला गेले तेव्हा जखमी म्हैस घेऊन आलेला एक शेतकरी स्वतःच पट्टी करत होता, आणि एकटे डॉक्टर तीन गावांचा फोन घेत होते. व्रणोपचारकाची जागा रिकामी ठेवून पैसे वाचतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आळ्या पडलेली जखम रात्री कंदिलाच्या उजेडात धुऊन पाहावी.

तुमच्या दारात कधी असं जनावर आलं तर एवढं करा. मोडलेला पाय करकचून आवळू नका. कापूस किंवा मऊ कापड गुंडाळून कामटी लावा आणि खूर गार पडतोय का ते बघत राहा. जनावराला कुशीवर पडू देऊ नका, छातीवर टेकून बसवा. माणसांच्या गोळ्या-सुया देऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि नेणं शक्य नसेल तर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मागवा. खाटकाला निरोप द्यायचा असेल तर तो त्यानंतर द्या.